मोटारबाईंचा चुकांचा डबा

शहरातल्या अर्ध्या लोकांना गाडी चालवायला मोटारबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण त्यांच्या धाकाने आयुष्यभर सायकलवर राहिले होते. दातांचे डॉक्टर शिकलेल्यांत मोडत, पण कसेबसे. बाई स्वतःची परीक्षा घेतल्याशिवाय कोणालाही लायसन्सच्या परीक्षेला सोडत नसत, आणि त्या परीक्षेत डॉक्टर तीनदा आपटले होते. चौथ्यांदा बाईंनीच हात टेकले. "जा बाबा, झालास पास," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त मी रस्त्यावर असेन तेव्हा गाडी बाहेर काढू नकोस."

आता त्याच बाई आपली पिवळी गाडी विकायला निघाल्या होत्या. हे कळलं तेव्हा डॉक्टरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्या तीन परीक्षाही आठवल्या, दोन्ही एकदमच.

गाडी होतीच तशी. दोन सीटांची, बिनछपराची, जमिनीला पोट लावून पळणारी. ज्या कंपनीने ती काढली तिने अशा जेमतेम तीनशे गाड्या काढल्या आणि मग तिचं दिवाळं वाजलं. शहाणी माणसं अशा गाडीच्या वाटेला जात नाहीत. बाकीची माणसं तिचे फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कपाटाला असे दोन फोटो होते. शिकाऊ असताना ते बाईंच्या खटारा गाडीत घामाघूम होऊन बसत आणि गॅरेजच्या उघड्या दारातून ती पिवळी गाडी बघत. तेव्हापासून त्यांना आयुष्यात दुसरी कुठलीही वस्तू इतकी हवीशी वाटली नव्हती. लग्नसुद्धा त्यांनी जरा कमी उत्साहाने केलं होतं, पण हे त्यांनी कुठे बोलून दाखवलं नव्हतं.

बायकोने परवानगी दिली ती दोन अटींवर. "साडेसहा लाखांच्या वर एक पैसा जायचा नाही. आणि शेजारची सीट माझी. मी आहे तोवर तिथे दुसरं कोणी बसायचं नाही." बायकोही बाईंचीच विद्यार्थिनी. ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती, आणि ही गोष्ट घरात महिन्यातून एकदा तरी निघे. "आणि सोबत माझ्या भावाला न्या," ती पुढे म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात तर मागतील तेवढे देऊन वर धन्यवाद म्हणून याल."

मेहुणा जुन्या फर्निचरचा धंदा करायचा आणि भाव पाडण्यात आपला हात धरणारा कोणी नाही असं त्याचं मत होतं. वाटेत त्याने डॉक्टरांना सगळा बेत समजावून सांगितला. "दाजी, मी गाडीला नावं ठेवत जाणार. तुम्ही फक्त तोंड पाडून उभं राहायचं. काही बोलायचं नाही. मी खोकलो की पाठ फिरवून चालू लागायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

बाई गॅरेजमध्ये स्टुलावर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण पाठ अजून ताठ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी "आता पुरे" म्हटल्यावर बाईंनी लायसन्स स्वतः जाऊन परत केलं होतं. नियम म्हणजे नियम. मांडीवर पत्र्याचा डबा होता, झाकणाला फट पाडलेला. तो बघताच डॉक्टरांचं धाबं दणाणलं. शिकवणीच्या काळात दर चुकीला त्या डब्यात एक नाणं टाकावं लागे. बाईंच्या स्वयंपाकघराच्या फरशा डॉक्टरांच्या नाण्यांतून बसल्या, असं लोक म्हणत.

"आलास?" बाई म्हणाल्या. "आणि हे मिशीवाले कोण?"

"माझा मेहुणा आहे, बाई."

"बरं. तर ऐक. चौकातला हॉटेलवाला आठ लाख देतोय. तुलाही आठच. माझ्याकडे दोन भाव नसतात." हे म्हणताना त्यांनी तोंड कडू केलं. "तो मेला गाडी हॉटेलच्या दारात उभी करणार आहे. सीटवर कुंड्या ठेवणार म्हणे. फुलांच्या!"

मेहुणा पुढे सरसावला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, नाक मुरडलं, दारावर टिचकी मारली. "रंग उडालाय इथे. हे बघा, हे बघा."

डॉक्टर वाकून बघायला लागले. आता या माणसाची एक सवय सांगायला हवी. गेली कित्येक वर्षं ते दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या तोंडात डोकावत होते, आणि आत काहीही दिसलं तरी त्यांच्या जिभेवर एकच वाक्य येई. ते आत्ताही आलं.

"किरकोळ आहे," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "अजिबात काळजी करू नका."

मेहुण्याने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग दार उघडून सीटसमोरची चटई उचलली आणि विजयी आवाजात ओरडला, "गंज! अहो, तळ पार चाळणी झालाय! इथून खालची जमीन दिसतेय!"

"किरकोळ आहे, वरवरचं," डॉक्टर म्हणाले. "जरासं साफ करायचं, भरून टाकायचं, की झालं. कळणारसुद्धा नाही."

"बघा, जाणकार माणूस," बाई मेहुण्याला म्हणाल्या.

मेहुणा खोकला. डॉक्टर गाडीच्या दिव्यांवरून हात फिरवत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. तो पुन्हा खोकला. मग इतका खोकला की बाईंनी त्याला पाणी आणून दिलं.

"चल, चालवून बघ," बाई म्हणाल्या आणि डबा घेऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. "पद्धत जुनीच. फक्त आता महागाई आहे. एका चुकीला पाच हजार, भावात मिळवायचे."

"अहो बाई, भाव चालवून बघताना वाढतो कुठे?" मेहुणा कळवळून म्हणाला. "मी जन्मात असं ऐकलं नाही!"

"तुम्हाला कोणी शिकवलंच नसेल," बाई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. तिचा तो घोगरा आवाज पाठीतून डोक्यापर्यंत गेला आणि डॉक्टरांना एकदम हसू फुटलं, लहान मुलाला फुटतं तसं. हसण्याच्या नादात आरशात बघायचं राहिलं.

"आरसा," बाई म्हणाल्या. डब्यात नाणं खणकन वाजलं. "आठ लाख पाच."

फाटकाबाहेर पडताना गिअर कुरकुरला. आठ लाख दहा. वळणावर हात दाखवायचा राहिला, मग गाडी उतारावर बंद पडली, मग ती सुरू करायच्या गडबडीत वायपर चालू झाले, आणि पुढे आणखी तीन चुका झाल्या. बाई तोंडाने काहीच बोलत नव्हत्या, नुसतं डब्यात नाणं टाकत होत्या. मेहुणा मागून पळत होता आणि प्रत्येक खणखणाटाला "अरे देवा!" म्हणत होता. डॉक्टरांना मात्र आतून रडू येत होतं. साडेसहा लाख खिशात घेऊन निघालेला माणूस साडेआठ लाखांकडे चालला होता, तेही स्वतःच्या हातांनी आणि पायांनी. त्या कुंड्या त्यांना आता डोळ्यांपुढे दिसायला लागल्या. लाल फुलांच्या.

तेवढ्यात समोर मांजर आलं.

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. पण त्याच्या कितीतरी आधी बाईंनी दाबला होता. शेजारच्या सीटसमोर ब्रेक नव्हता, कधीच नव्हता, पण शिकवून शिकवून त्यांचा पाय संकट दिसलं की आपोआप खाली जात असे. तो तसा पूर्ण ताकदीने गेला, चटईतून गेला, तळातून गेला आणि थेट रस्त्यावर टेकला. गाडी थांबली. बाई "आई गं!" म्हणून ओरडल्या.

"पाय! बाई, पायाला लागलं का?"

"पाय कुठला!" बाई गाल दाबून म्हणाल्या. "दाढ!"

पाय सुखरूप वर आला, पण बूट तळाखाली राहिला. मेहुण्याने तो धापा टाकत उचलून आणला आणि डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं. "दाजी, सोडू नका आता. म्हातारीचा पाय तिच्याच गाडीतून आरपार गेलाय. पाच लाख म्हणा. पाच!"

डॉक्टरांनी त्याला हाताने बाजूला केलं. समोर दुखरी दाढ असताना त्यांना बाकीचं काही सुचत नसे. मोबाइलचा दिवा लावून ते म्हणाले, "बाई, आ करा." बाईंनी आ केला, पण हाताने दार घट्ट धरून ठेवलं. अर्ध्या शहराला घाम फोडणारी ही बाई थरथरत होती. दाताच्या डॉक्टरला त्या इतकं घाबरत की चार महिने एकाच बाजूने जेवत होत्या.

डॉक्टरांनी आत पाहिलं. आतलं दृश्य वाईट होतं. "किरकोळ आहे," ते मऊ आवाजात म्हणाले.

बाईंनी तोंड मिटलं आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हेच तू माझ्या गाडीच्या तळाबद्दल म्हणालास. आणि माझा बूट बघ कुठे गेला. आता खरं सांग."

डॉक्टरांनी मोबाइलचा दिवा बंद केला. असं त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला. "काढावी लागेल. दुखेल. एक आठवडा गाल सुजलेला राहील. मी सांभाळून काढेन, पण दुखणार नाही असं म्हणणार नाही."

बाईंनी मोठा सुस्कारा सोडला आणि दारावरचा हात काढला. "आणि गाडी? आठ लाखांची आहे का? खरं."

मेहुणा जिवाच्या आकांताने खोकला.

"तिच्यासाठी मी आठही दिले असते, बाई," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे साडेसहाच आहेत. बायकोने तेवढेच सांगितलेत. पण हे मी वीस वर्षं वेडा झालेला माणूस म्हणून बोलतोय, माझं ऐकू नका."

मेहुण्याने कपाळावर हात मारला आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली.

बाई बराच वेळ डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आठ चुका झाल्या. म्हणजे आठ लाख चाळीस. आता माझ्या मोज. तळ गंजला, कारण दोन पावसाळे मी तिच्यावर कापड घालायला विसरले. एक. दुसरा गिअर निसटतो, ते मी लपवलं. दोन. रंग मूळचा नाही, स्वयंपाकघराच्या दाराचा उरला होता तो मीच फासला. तीन. आणि वेगाचा काटा बंद आहे, तो मी चिमट्याने पुढे ढकलून ठेवलाय. चार."

"बाई!" डॉक्टर थक्क होऊन म्हणाले.

"शिकवणाऱ्याच्या चुकीचा दर वेगळा. पन्नास हजार. दोन लाख कमी कर. किती राहिले?"

"सहा लाख चाळीस!" मेहुणा उडी मारून उठला. "दाजी, हात द्या, हात द्या लवकर!"

पण डॉक्टरांचा चेहरा पडला होता. "माझ्या दोन राहिल्या," ते म्हणाले. "दोनदा खोटं बोललो. एकदा तळाला किरकोळ म्हणालो, एकदा दाढेला. दहा हजार मिळवा."

साडेसहा झाले. मेहुण्याने आपल्या मिशा दोन्ही हातांनी ओढल्या. भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक शेवटच्या घटकेला भाव वाढवतं, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. बाई मात्र हसल्या. डॉक्टरांनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यातही त्यांना वरचा सुळा किडलेला दिसला, पण ते बोलले नाहीत.

"हॉटेलवाला गेला खड्ड्यात," बाई म्हणाल्या. "गाडी तुझी. फक्त ही सीट मी विकत नाही. रविवारी सकाळी मी इथे बसणार. माझे हात गेले, डोळे गेले, पण तिच्यात बसल्याशिवाय मला जगता यायचं नाही. कबूल?"

"कबूल!" डॉक्टर आनंदाने ओरडले. त्या क्षणी त्यांनी दोन्ही आरसे आणि इंजिनसुद्धा कबूल केलं असतं.

बायकोची दुसरी अट त्यांना घराच्या कोपऱ्यावर आठवली. मेहुण्याला ती आधीच आठवली होती. तो म्हणाला, "दाजी, मला जरा दुकानात काम आहे," आणि तिथूनच सटकला.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दोन सीटांची गाडी घेतलीत, आणि त्यातली एक देऊन आलात."

"हो. पण एक पैसा वर गेला नाही."

"जी दिलीत ती माझी होती."

"हो," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले.

"ठीक आहे," बायको म्हणाली, आणि एवढंच म्हणाली. ती जास्त काही बोलली नाही की डॉक्टरांना भीती वाटायची.

गुरुवारी बाईंची दाढ निघाली. दवाखान्यातल्या खुर्चीत त्यांनी ब्रेक इतक्या जोरात दाबला की पाय ठेवायची फळी निखळली. पुढच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी गाडीच्या तळाला नवा पत्रा ठोकून घेतला. रविवारी सकाळी डॉक्टर नवी टोपी घालून घराच्या फाटकात आले, तेव्हा सुजलेला गाल घेऊन बाई आपल्या सीटवर बसलेल्या होत्या, मांडीवर डबा. आणि चालवायच्या सीटवर, डोक्याला रुमाल बांधून, बायको बसली होती.

"अगं," डॉक्टर म्हणाले, "ती माझी..."

"एक तुम्ही देऊन आलात," बायको म्हणाली. "उरली ती माझी."

"पहिल्या फटक्यात पास झालेली पोरगी आहे ही," बाई सुजलेल्या तोंडाने म्हणाल्या. "चल गं."

गाडी आरसा बघून, हात दाखवून, लोण्यासारखी फाटकाबाहेर पडली. डॉक्टर कान देऊन ऐकत राहिले. एक तरी चूक कर, एक तरी, असं ते मनातल्या मनात म्हणत होते. उतार आला, वळण आलं, निसटणारा दुसरा गिअर आला. डबा एकदाही वाजला नाही. तो घोगरा आवाज कोपऱ्यावरून लांब गेला आणि त्यात दोन बायकांचं हसणं मिसळलं.

मेहुणा हळूच शेजारी येऊन उभा राहिला. "दाजी, फार वाईट वाटतंय का?"

"छे," डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे." आणि बोलून झाल्यावर ते मुकाट्याने खिशात नाणं शोधू लागले.