ब्रशच्या केसांचा खुलासा

विल्मा डथीचा अर्ज नव्या यंत्रांना पैसे देणाऱ्या निधीच्या कार्यालयाने तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हाही पत्रात कारण तेच होतं: ब्रशचे केस कशाचे आहेत याचा खुलासा नाही.

यंत्राबद्दल कुणाची तक्रार नव्हती. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कुरव आणि पाणकावळे येऊन बसतात, बसतात तिथेच शिटतात, आणि मग शिडी चढणाऱ्या माणसाचा पाय सटकतो. पोर्ट स्किराच्या बंदरावर चाळीस वर्षं जाळी विणलेल्या विल्माने यावर उपाय शोधला होता. गोल फिरणारा ब्रश, आपला आपण शिडी चढत जाणारा. प्लास्टिकचे केस झिजून समुद्रात जातात, तारेचे केस खांबाचा रंग खरवडतात. तिच्या ब्रशचे केस यातलं काहीच करत नव्हते. सगळी नवलाई त्या केसांतच होती, आणि नेमकं त्यांचंच नाव तिला लिहिता येत नव्हतं.

आपण जमिनीवर आहोत, तर एकदाचं सांगून टाकू. केस डुकराचे होते.

स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. सॅमन मासा, ससा, पाद्री यांचीही नावं वर्ज्य, पण सगळ्यांत वाईट हे. बोटीवर कुणी चुकून बोललंच तर बाकीचे ‘गार लोखंड!’ असं ओरडून मिळेल त्या लोखंडाला हात लावतात, आणि तांडेल जुन्या वळणाचा असला तर सरळ बोट परत फिरवतो. विल्मा एकोणसाठ वर्षांची झाली, खाटकाच्या दुकानात अजून काचेवर बोट ठेवून ‘यातले चार तुकडे द्या’ म्हणते. अर्जात पहिल्या वर्षी तिने लिहिलं, ‘नैसर्गिक केस’. दुसऱ्या वर्षी, ‘एका चार पायांच्या सद्गृहस्थाचे’. तिसऱ्या वर्षी तिने वाकड्या शेपटीचं चित्रच काढलं, तर कार्यालयाने वर स्प्रिंगचाही खुलासा मागितला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

आता चौथी आणि शेवटची वेळ. शुक्रवारी पाच वाजता निधी कायमचा बंद होणार होता. पैसे मिळाले तर विल्माची जाळ्यांची शेड तिच्याकडेच राहून तिथे ब्रश बनणार होते, नाही मिळाले तर बंदर समिती ती शेड जिन नावाची दारू विकणाऱ्या एका दाढीवाल्याला देणार होती. विल्मा सतराव्या वर्षापासून त्या शेडमध्ये बसत आली होती. दाढीवाला खिडकीची मापंसुद्धा घेऊन गेला होता, आणि त्या मापांचा तिला सगळ्यात जास्त राग आला होता.

शुक्रवारी सकाळी तपासनीस बाई आल्या. इमोजेन पास्क नाव, लीड्सच्या, केशरी जाकीट, हातात फॉर्म उघडलेला टॅबलेट. यंत्राची चाचणी खऱ्या पवनचक्कीवर व्हायची होती. न्यायला विल्माचा थोरला भाऊ डॉड आपली ‘कॉन्स्टन्स’ घेऊन धक्क्यावर उभाच होता. ती बोट पूर्वी मासे आणायची, आता पवनचक्क्यांची राखण करते.

“बाई, बोटीवर काही नावं घ्यायची नसतात,” विल्मा हळूच म्हणाली.

“कुठली?”

“तीच तर घेता येत नाहीत ना!”

“मग मला कळणार कसं?”

“एक लांब कानांचा. एक काळ्या डगल्यातला, रविवारी बोलतो तो. एक लाल मासा. आणि एक...” विल्माने नाकाशी दोन बोटं धरली.

“तुम्हाला सर्दी झालीय का?” पास्क बाईंनी विचारलं.

बोट बंदराच्या तोंडातून बाहेर पडते न पडते तोच बाई मोकळ्या हवेने खुलल्या आणि म्हणाल्या, “काल हॉटेलात सॅमन काय सुरेख होता!”

“गार लोखंड!” डॉडने कठड्यावर हात आपटला आणि सुकाणू फिरवलं. गरकन.

“अरे डॉड, पाहुणी आहे ती!”

“समुद्राला काय ठाऊक पाहुणी आहे ते?”

धक्क्याला बोट लागली, तिघंही खाली उतरली, उभी राहिली, पुन्हा चढली. जिनवाला दाढी कुरवाळत बघत होता. अर्धा तास गेला. ओहोटीला बंदराच्या तोंडात पाणी उरत नाही, त्यामुळे आता पुन्हा वळायची सोय नव्हती. वळलं की दिवस संपला, निधी संपला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं एक तर झालंच. पास्क बाईंनी धसका घेऊन पुढचे दोन तास हवामान सोडून दुसरा विषयच काढला नाही.

पवनचक्कीपाशी यंत्र मात्र शहाण्यासारखं वागलं. शिडीला धरून वर चढलं, घाण निघाली, पिवळा रंग लख्ख दिसायला लागला. वरच्या पायरीवर बसलेला कुरव ते संशयाने बघत बाजूला सरकला आणि साफ झालेल्या जागेवर लगेच शिटला. यंत्र खाली येताना तेही पुसून आलं. पास्क बाईंनी चक्क टाळी वाजवली.

“आता फक्त प्रश्न नऊ,” त्या म्हणाल्या. “ब्रशचे केस कोणत्या प्राण्याचे? उत्तर इथेच, यंत्रासमोर, तोंडी द्यायचं. मी ध्वनिमुद्रण करते. गेल्या वर्षी एका पठ्ठ्याने कागदावर एक ब्रश दाखवला आणि चाचणीला दुसराच आणला, तेव्हापासून नियम झालाय.”

विल्माने किनाऱ्याच्या दिशेला पाहिलं.

“धक्क्यावर जाऊन सांगितलं तर?”

“नाही चालणार.”

“चित्र काढलं तर?”

“मागच्या वेळचं पाहिलंय मी,” पास्क बाई म्हणाल्या. “स्प्रिंग.”

विल्माने तोंड उघडलं. तिच्या बापाने, आज्याने, त्याच्याही बापाने जो शब्द या पाण्यावर काढला नव्हता, तो घशापर्यंत आला आणि अडला. तिला शेड दिसत होती, शेडच्या खिडकीत जिनच्या बाटल्या दिसत होत्या, तरी जीभ हलेना. आणि समोर डॉड सुकाणूला धरून उभा. तिने बोलून दाखवलं की हा वळणार, आणि ध्वनिमुद्रणात अर्धा शब्द आणि अर्धी शिवी जाणार. आपल्या भित्रेपणाची तिला एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

“थांब,” डॉड म्हणाला. तो जाळी ओढायच्या लोखंडी रहाटाकडे गेला आणि दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. “तुला काय वाटतं, मला माहीत नाही? तुझ्या शेडमधल्या पोत्यांवर चित्र आहे त्याचं, हसरं. तीन वर्षं तिकडे पाठ करून चहा पितोय मी.”

“डॉड, राहू दे रे.”

“माझ्या बोटीवर ते कुणी बोलायचंच असेल तर मी बोलेन. बुडलो तर तांडेल बोलला म्हणून बुडलो. बाई, लावा तुमचं ते.” त्याने डोळे मिटले. “डुक्कर.”

“वाऱ्यात नीट आलं नाही,” पास्क बाई ओशाळून म्हणाल्या.

“डुक्कर!”

“मागे कुरव ओरडला हो. एकदाच, शेवटचं.”

“डुक्कर! डुक्कर! डुकराचे केस, बये!” डॉड असा गरजला की शिडीवरचे सगळे पक्षी उडून गेले.

पास्क बाईंनी फॉर्मवर खूण केली, शिफारस लिहिली आणि तिथूनच पाठवूनही दिली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. शेड वाचली. विल्माने त्यांना केशरी जाकिटासकट मिठी मारली.

डॉड रहाट धरूनच उभा होता. त्याने आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. इंजिन नीट चाललं होतं. लाट नाही, धुकं नाही, मेला साधा ढगही नाही. मिनिटं गेली आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“काहीच नाही झालं,” तो म्हणाला.

“बरंच झालं की!”

“पंचाऐंशी साली कुणी तरी ससा म्हणालं म्हणून मी वळलो, विल्मा. त्या दिवशी बाकीच्यांची जाळी फाटेपर्यंत हेरिंग आलं. लोक वर्षभर हसले. मी म्हणायचो, हसा, तुम्हाला काय माहीत मी कशातून वाचलो ते.” तो सुकाणूपाशी जाऊन बसला. “कशातूनच नव्हतो वाचलो म्हणजे.”

सत्तरीच्या माणसाचा असा चेहरा बघवत नाही. विल्माने इकडे तिकडे पाहिलं. कठड्याजवळ तिची नवी किटली होती, पाहुणीसाठी मुद्दाम विकत आणलेली, तांब्याच्या तोटीची. तिने शाल सारखी केली आणि शाल सारखी करताना कोपर जरा जास्तच बाहेर काढलं.

डुबुक!

“किटली!” विल्मा किंचाळली. “डॉड, माझी किटली गेली!”

डॉड ताडकन उठला, कठड्यावर ओणवा झाला. बुडबुडे येत होते. त्याच्या गालांवर लाली चढली.

“हात लावला होता का कुणी?”

“नाही रे!”

“आपोआप गेली?”

“डोळ्यांदेखत!”

तो पास्क बाईंकडे वळला. बाई विल्माच्या बरोब्बर समोर बसल्या होत्या आणि ते कोपर त्यांनी पुरतं पाहिलं होतं.

“मी बघतच होते,” पास्क बाई म्हणाल्या. “कुणीसुद्धा हात लावला नाही.”

“सांगत नव्हतो मी?” डॉडने दोन्ही हात वर केले. “पाचदा बोललो, तरी किटलीवर भागलं! लोखंड धरलं नसतं तर बोट गेली असती, बाई, अख्खी बोट!” आणि जन्मभराचं म्हणणं खरं ठरलेल्या माणसासारखा ताठ उभा राहून, मोठ्याने हसत, त्याने ‘कॉन्स्टन्स’ घराकडे वळवली.