बाजाराच्या दिवशीची गोळी

डॉक्टरांनी फातिमाबींची रक्तदाबाची गोळी पुन्हा वाढवली. दाब असाच राहिला तर एखाद्या दिवशी हात लुळा पडेल, असेही बजावले. वाशी तालुक्यातल्या गावोगावच्या बाजारांत त्या बांगड्या भरत. हातच गेला तर खायचे काय?

“गोळ्या नेमाने घेता ना?” या प्रश्नावर त्यांनी दर वेळी मान हलवली होती. आजही हलवली.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध-खिडकीपाशी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिशवी या हातातून त्या हातात, नजर दाराकडे. आत औषधनिर्माती निवेदिता गोळ्या काढत होती.

“बाई, ती बारकी नको. घरी लई पडल्यात.”

निवेदिताचा हात थांबला. बारकी गोळी लघवी वाढवून दाब उतरवणारी, मोठ्या गोळीबरोबर रोज घ्यायची. मोठ्या संपल्या, मग बारक्या उरल्या कशा? ती रागावली नाही. कोणत्या दिवशी राहते, एवढेच तिने विचारले.

“गोळ्या घ्यायल्यात का सोयरीक जमवायल्यात?” रांगेत मागे ताटकळलेला मल्लेश ओरडला.

“सोयरीकच समजा. बसा घडीभर,” म्हणत निवेदिताने फातिमाबींना आत घेऊन दार लोटले.

“बाजारादिवशी खात न्हाय,” फातिमाबी पुटपुटल्या. “खाल्ली की घडीघडी उठावं लागतं. जाऊ कुठं? आडोसा न्हाय. पाणी बी पीत न्हाय दिवसभर. हे डॉक्टरसाहेबाला कसं सांगू?”

“चाची, औषध लागू पडत नाही असं समजून ते गोळी वाढवत चाललेत. ही वाढीव गोळी घरी असताना बारकीसकट घ्याल, दाब एकदम उतरेल आणि चक्कर येऊन पडाल. बाजारात ग्रामपंचायतवाले जागेची पावती फाडतात, आडोसा देत नाहीत. लाज त्यांना वाटायला हवी. तुम्हाला कशाची?”

फातिमाबी पिशवी तिथेच ठेवून उठल्या. “चला. म्याच सांगते.”

डॉक्टरांनी सगळे ऐकून वाढीव गोळी रद्द केली. बाजाराच्या दिवशी बारकी गोळी घरी परतल्यावर, दिवेलागणीआधी घ्यायची ठरली. दिवसा पाणी प्यायलाच हवे, असे सांगून त्यांनी पंधरवड्याने दाब तपासायला बोलावले.

पुढच्या बाजारी फातिमाबींनी शेजारच्या भाजीवाल्या लक्ष्मीबाईंना, दिवसभर आडोशाचं काय करता, असे हळूच विचारले. त्या आधी हसल्या, मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “म्या तर सकाळचा चहा बी घेत न्हाय.”

बोलणे एकीकडून दुसरीकडे गेले. दुपारी मालावर कापड टाकून बाजारातल्या बायका ग्रामपंचायतीच्या दारात उभ्या राहिल्या. काय काम आहे, असे सरपंचांनी विचारले. सगळ्यांत पुढे असलेल्या फातिमाबींनी, बाजारात बायकांना लघवीसाठी आडोसा हवा, हे पुरुषांच्या देखत, मोठ्याने सांगितले.

वाचकहो, घरातल्या आजारी माणसाला ‘गोळी घेतली का’ एवढे विचारून थांबू नका. का राहिली, तेही विचारा. रक्तदाबाचा इलाज दवाखान्यात सुरू होतो. तो पुरा व्हायला कधी कधी गावाला चार भिंती बांधाव्या लागतात.