लाल बादल्या

मला लवकर उठायची खोड आहे आणि या खोडीनं एका भल्या माणसाचं वाटोळं केलं. त्याचं नाव मारोती. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, म्हणून सांगते.

साठ साल होतं. माझ्या नवऱ्याला, हरिसिंगला, क्षय निघाला. यवतमाळच्या दवाखान्यात रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, खंड पडला तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आमचा तांडा पार आर्णीकडं. तिथून रोज येणं शक्यच नव्हतं. धर्मशाळेच्या ओसरीवर हरिसिंगला टाकून मी काम शोधत फिरले. तिथंही आठच दिवस राहू देणार होते.

एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, किसनराव म्हणून मॅनेजर होते. माझा घागरा आणि कोपरापर्यंतच्या बांगड्या पाहून ते आधी हसलेच. मग म्हणाले, "आठ दिवस काम पाहीन. पटलं तं कायम करीन, कामगारांच्या लाइनीतली खोली बी देईन. नाही पटलं तं नवव्या दिवशी तोंड दाखवू नको."

खोली मिळाली तर हरिसिंग जगणार होता. नाही मिळाली तर त्याला तांड्यावर नेऊन मरायला ठेवायचं होतं.

माझ्याशेजारी कापूस निवडणारी मथुराबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे पाय, भोंग्याच्या आधी येत जा आन सांगाच्या आधी काम करत जा. आठ दिवस मरमर कर, मंग पाह्यजो."

मी मरमर केली. भोंग्याच्या तासभर आधी फाटकाशी उभी. चौकीदार मारोती डोळे चोळत फाटक उघडायचा. "आली का वं भुरीबाई? कोंबड्याले तं झोपू दे," म्हणून हसायचा. मी अंगण झाडलं, सांडलेली सरकी वेचली, यंत्राखालचा भुगा हातानं ओरबाडून काढला. किसनराव येता-जाता बघायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. सातव्या दिवशी हरिसिंगला खोकताना रक्त पडलं.

आठव्या दिवशी सकाळी करायला काही उरलंच नव्हतं. मी वेड्यासारखी काम शोधत होते. तेवढ्यात भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्या दिसल्या. काहींत वाळू होती, सातांत पाणी. पाण्यावर कापूस साचलेला, तळाशी शेवाळ, आत किडे वळवळत होते. मला शिसारी आली. आमच्या तांड्यावर कालचं पाणी ठेवत नाहीत. माझी आई उठल्याबरोबर शिळं पाणी फेकायची, भांडी राखेनं घासायची आणि उन्हात पालथी घालायची. ती कडकडीत वाळल्याशिवाय भरायची नाहीत. पाणी असलं की ते कुणीतरी पिणार, एवढंच मला ठाऊक.

मारोती विहिरीवर आंघोळीला गेला होता. मी सातही बादल्या ओतल्या, घासघासून लख्ख केल्या आणि ओळीनं पालथ्या घातल्या. वाळल्या की भरू म्हटलं. तोवर भोंगा झाला आणि मी निवडायला बसले.

दहाच्या सुमारास कापसातला खडा यंत्रात गेला, ठिणगी पडली आणि ढीग पेटला. माणसं बादल्यांकडं धावली. वाळू लगेच संपली, पाण्याच्या बादल्या कोरड्या. ते पाणी कशासाठी होतं हे मला तेव्हा कळलं. विहिरीवरून पाणी येईस्तोवर अर्धा ढीग जळाला. एका गड्याचे दोन्ही हात भाजले.

"बादल्या कोनं रिकाम्या केल्या?" किसनरावांनी विचारलं.

बादल्या चौकीदाराच्या ताब्यातल्या. मारोती पुढं झाला. "साहेब, म्या परवाच पाह्यल्या, भरल्या होत्या," एवढंच बोलला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. सकाळी फाटक त्यानं माझ्या एकटीसाठी उघडलं होतं. त्याला सगळं कळलं होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन म्हणून तो थांबला होता.

माझ्या डोळ्यांपुढं ओसरीवरचं रक्त होतं. मी मान खाली घातली.

"बारा वर्सं झाली तुले अथी, आन साध्या बादल्या सांभाळता येत नाही?" किसनराव ओरडले. "या बाईले पाय. आठ दिवसांची आहे, भोंग्याच्या आधी येते, सांगा लागत नाही. तू आजच खोली खाली कर!"

संध्याकाळी चावी माझ्या हातात आली. मारोतीच्याच खोलीची. लाइनीत दुसरी खोली रिकामी आहे का, हे मी आठ दिवसांत कधी विचारलंच नव्हतं.

हरिसिंगला आधार देत मी आत आणलं. खोली झाडलेली होती, चूल सारवलेली होती. कोपऱ्यात रांजण काठोकाठ भरलेला. नव्या माणसांना आल्या आल्या पाण्यासाठी वणवण नको, म्हणून मारोतीची बायको जाताना भरून गेली होती. हरिसिंग तहानलेला होता. घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "भली माणसं दिसतात."

दीड वर्षानं तो बरा झाला. लाल बादल्या पुढं मीच भरत गेले, कुणी सांगायच्या आधी. मारोती मला पुन्हा कधी दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याला शोधलंही नाही.

खोलीतल्या पहिल्या सकाळी मात्र सवयीनं उठले आणि रांजणातलं शिळं पाणी उपसून फेकायला वाकले, तर हात पुढं होईना. चार दिवस आम्ही तेच पाणी प्यालो.