आत्याबाईंची साखर

सुनीतीबाईंनी साखर सोडली, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी, चातुर्मासात कांदा-वांगं बंद. त्यात आणखी एक. पण हा नेम वेगळा होता. धाकट्या भावाच्या, केतनच्या बायकोला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, तेही तिकडे कॅलिफोर्नियात. तेव्हा बाई देवापुढे हात जोडून बोलून गेल्या, ‘बाळाचा चेहरा पाहीन, तेव्हाच गोड खाईन.’

मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच, ती खारघरला.

‘ताई, इंटरनेटवर ये,’ केतन फोनवर म्हणाला. ‘कॅमेरा लावतो. तू तिकडून नाव सांग, तिचा चेहराही दिसेल. फोनचं नको, त्यात काय दिसणार?’

केतनला वाटायचं, इंटरनेट म्हणजे नळाचं पाणी, तोटी फिरवली की आलं. तेव्हाच्या खारघरात नळालाही पाणी असं येत नसे.

घरात मुलाचा, निशांतचा जुना कॉम्प्युटर होता. तो पुण्याला शिकायला गेल्यापासून त्यावर विणलेलं झाकण असायचं. त्याचं नेट फोनच्या तारेतून यायचं, आणि एक पान उघडेपर्यंत वरण शिजून व्हायचं. कॅमेऱ्याचं तर नावच नको. म्हणून बाईंचे यजमान श्यामसुंदरराव तळोज्याच्या कारखान्यातून लवकर सुटून टेलिफोन ऑफिसात चौकशीला गेले.

‘नवं ब्रॉडबँड तुमच्या सेक्टरला नाही अजून,’ खिडकीतला माणूस म्हणाला. ‘पुढच्या सेक्टरला आहे.’

‘मग आम्ही काय पुढच्या सेक्टरला राहायला जायचं?’

‘बघा. फ्लॅट आहेत रिकामे.’

केबलवाला शिवराम तर दारातच भेटला. ‘ताई, च्यानल पायजे तेवढी घ्या. नेट नाय आपल्याकडं. नेट जयदेवचं.’

‘मग जयदेवला सांगते.’

‘तो रस्त्याच्या पल्याड. इकडं तार टाकली त मी कापीन,’ शिवराम अगदी मायेनं म्हणाला.

शेवटी रस्त्यापलीकडच्या हेतलबेन देवासारख्या धावून आल्या. त्यांच्याकडे जयदेवचं नेट होतं आणि कॅमेराही. ‘आमच्याकडे या ने, सुनीतीबेन. नाव तिकडूनच पाडा.’

रविवार सकाळ. तिकडे शनिवारची संध्याकाळ. मुहूर्त इकडच्या नऊपर्यंतचा. सुनीतीबाई पूजा आटपून, ठेवणीतली साडी नेसून, नैवेद्याच्या पेढ्यांची वाटी देवापुढे झाकून निघाल्या. नाव त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आधी बाळाच्या कानाला, मग जगाला.

हेतलबेनच्या पडद्यावर पाळण्याची फुलांची झालर दिसली. भावजयीचा, क्षिप्राचा हात दिसला. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आणि पंखा थांबला.

‘लाइट!’ हेतलबेन ओरडल्या.

बाईंनी गॅलरीतून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, त्यांच्या स्वतःच्या हॉलमधला पंखा मजेत फिरत होता. एका बाजूला नेट, दुसऱ्या बाजूला वीज. आणि मधला रस्ता शिवरामचा!

दोघी धावत घरी आल्या. श्यामसुंदरराव कॉम्प्युटरला नाक लावून बसले होते. ‘या, या! केतननं बाळाचा फोटो मेल केलाय. तू गेल्यापासून येतोय.’

फोटो वरून खाली उतरत होता, पोपडा सुटावा तसा. टोपडं आलं. कपाळ आलं. भुवया. मग मिटलेले डोळे. बाई श्वास रोखून बसल्या.

‘नाक आलं!’ श्यामसुंदरराव म्हणाले.

‘आमच्या आईचं आहे,’ बाई पुटपुटल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

‘पण सुनीतीबेन,’ हेतलबेन हळूच म्हणाल्या, ‘केतनभाई आता फोन करत असतील ने? आणि तुमचा फोन तर नेटमध्ये अडकलाय.’

तिघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजत आले होते.

बाई उठल्या.

‘अगं, थांब!’ श्यामसुंदरराव कळवळले. ‘अर्धाच चेहरा आलाय. इतके महिने बिनसाखरेचा चहा प्यायलीस!’

‘पिईन आणखी. पोरीला बिननावाची ठेवू का माझ्या साखरेसाठी?’ आणि त्यांनी नेटची पिन उपटली.

तार फोनला लावतात न लावतात तोच फोन खणखणला.

‘ताई! कधीचा लावतोय, सारखा एंगेज! गुरुजी घड्याळ दाखवतायत. धर, तिच्या कानाला लावतो.’

बाईंनी नवऱ्याला आणि हेतलबेनला हातानंच लांब व्हायला सांगितलं. रिसीव्हरभोवती पदर धरला. ‘कुर्रर्र…’ आणि मग अगदी हलकेच नाव सांगितलं.

‘ताई, खरखर फार आहे. तिला काही कळलं नाही, रडायला लागली.’

‘कुर्रर्र! मनस्वी.’

‘काय? तपस्वी?’

‘म-न-स्वी!’ जन्मात कधी आवाज न चढवलेल्या बाई ओरडल्या. तिकडे रडणं थांबलं. इकडे खिडकीबाहेरच्या खांबावर तार ओढत बसलेला शिवराम म्हणाला, ‘मनस्वी! नाव बेस हाय, ताई!’

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत. हेतलबेननं एक हलकाच मारला. श्यामसुंदररावांनी तीन मारले. म्हणाले, ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संधी मिळाली.’

मग सगळे पेढ्यांच्या वाटीपाशी आले. पडद्यावर फोटो अजून तसाच होता, नाकापर्यंत. याला चेहरा पाहिला म्हणायचं का? श्यामसुंदरराव म्हणाले, देव समजून घेईल. हेतलबेन म्हणाल्या, डोळे दिसले म्हणजे झालं. बाईंनी देवाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पेढ्याचे बरोब्बर दोन भाग केले. अर्धा तोंडात टाकला. डोळे मिटून, बराच वेळ तो जिभेवर ठेवला.

पलीकडच्या गॅलरीतून हेतलबेनचा नवरा भावेश हाका मारत होता, ‘लाइट आली! लाइट आली!’

सुनीतीबाईंनी उरलेला अर्धा पेढा रुमालात बांधला आणि चपला न घालताच जिन्याकडे धावल्या.