फ्रिजवरचे तीस चंद्र

मी फ्रिजवरून बोलतेय. आहे दिनदर्शिकाच, पण माझ्यात वार अगदी बारीक अक्षरांत आहेत आणि चंद्र मोठे. हवाई बेटांवर महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला स्वतःचं नाव असतं. पहिली नाजूक कोर म्हणजे हिलो, पूर्ण चंद्र म्हणजे होकू, चंद्र दिसेनासा होतो ती मुकू. कधी काय लावायचं, कधी मासे धरायचे, हे तिथले लोक चंद्र बघून ठरवत आले.

तिथल्याच एका छोट्या छापखान्यात मी जन्मले. खगोलशास्त्र शिकणाऱ्या कल्याणीनं मला बाजारात उचललं आणि थेट कॅनडात, विनिपेगला आणलं. तिच्या आईनं, लतानं, माझ्या चंद्रांवर लिहायला सुरुवात केली. डेंटिस्ट, विंटर टायर्स, ग्रोसरी. एका होकूवर तर चक्क 'गार्बेज'!

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा सोमवारी आली. इथल्या बौद्ध मंडळाच्या अध्यक्षांनी, बबनकाकांनी, कार्यक्रम शनिवारी ठेवला. इथं सगळेच सण शनिवारी येतात. पत्रिकेत खाली हौसेनं छापलं, 'मुलांसाठी दुर्बिणीतून पूर्णचंद्र: कल्याणी'.

कल्याणीनं मला फ्रिजवरून ओढलं आणि लताला घेऊन बबनकाकांच्या बेसमेंटमधली मीटिंग गाठली.

"जय भीम, काका. शनिवारी पूर्णचंद्र कुठून आणू?"

"अगं, पाच दिवसांनी काय फरक पडतो? चंद्र तोच की!"

"तोच, पण झिजलेला. आणि उगवणार रात्री दोनला. हे बघा, त्या रात्रीचं नावसुद्धा वेगळं आहे, लाआउ पाउ. थांबणार तुम्ही दोनपर्यंत?"

"मग प्रोजेक्टरवर फोटो दाखवू."

"फोटो मुलं रोजच बघतात!"

"कल्याणी, मोठ्यांशी असं बोलतात?" लता कुजबुजली.

"सोमवारी शाळा, ऑफिस," काकांनी विषय मिटवला. "कोण येणार?"

कल्याणीची बोटं माझ्या मे महिन्यात रुतली. इथल्या मुलांनी एकदा तरी खरा चंद्र जवळून बघावा म्हणून ती हिवाळाभर दुर्बीण घासूनपुसून ठेवत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून गंगुबाई बोलल्या. बबनकाकांच्या आई त्या. पौर्णिमेची खीर त्यांच्याच हातची.

"बबन, खीर मी सोमवारीच करणार. शनिवारी ज्याला पाच दिवसांची शिळी खायचीय, त्यानं खुशाल खावी."

ठराव तिथंच बदलला.

सोमवारी सूर्य मावळल्यावर पार्कात साठ माणसं जमली, वाऱ्यानं उडू नये म्हणून मी खिरीच्या पातेल्याखाली. सपाट माळाच्या कडेतून नारिंगी होकू वर आला आणि मुलं किंचाळली. मग बबनकाकांनी दुर्बिणीला डोळा लावला, तो काढेचनात.

"अंकल, इट्स अवर टर्न!"

"वन मिनिट रे," म्हणत त्यांनी दहा मिनिटं काढली. शेवटी दोन मुलांनी त्यांना जॅकेट धरून मागं ओढलं.

"कल्याणी," ते हळूच म्हणाले, "हे खड्डे खरेच आहेत का गं?"

"खरेच आहेत, काका. पुन्हा रांगेत उभे राहा."

आणि काका खरंच रांगेत उभे राहिले, सात वर्षांच्या मुलीच्या मागं!

आता मी बबनकाकांच्या फ्रिजवर असते. मेच्या पानावर खिरीचा डाग आहे, कोपरे दुमडलेत. माझ्यावर खुशाल लिहा, वर्ष संपलं की रद्दीतही टाका. फक्त पत्रिका छापण्याआधी जरा बाहेर जाऊन वर बघा. हॉल दर शनिवारी मिळतो, चंद्र मिळत नाही.