सासरेबुवा परीक्षेला बसले

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू. मला बोलायची सवय नाही. या खोलीत विज्ञानाचे सर बोलायचे आणि बाकीचे सगळे लिहून घ्यायचे, अशीच इथली रीत होती.

कारखान्यातल्या कारागिराने माझी पितळी पारडी कानशीने घासून घासून सारखी केली. काटा बरोबर मध्यावर थांबला तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. तेवढं कौतुक पुढे माझ्या वाट्याला आलं नाही.

शाळेत आलो तेव्हा सुरुवातीला बरे दिवस होते. मग एका प्रयोगात मेणबत्ती कलंडली आणि माझ्या डाव्या पारड्याच्या खाली मेणाचा गोळा चिकटला. तो खरवडायचा सोडून मला कपाटात ठेवलं. सर तसे मनाने चांगले. फळ्यावर मला फार सुंदर काढायचे. कपाटातून काढायचं मात्र राहून जायचं.

सरांची उत्तरं मुलांना तोंडपाठ असत, स्वल्पविरामासकट. प्रश्न जसाच्या तसा आला की पैकीच्या पैकी गुण. प्रश्नातला एखादा शब्द बदलला की सगळा वर्ग छताकडे बघायचा. पण परीक्षेत शब्द बदलायचे नाहीत, त्यामुळे सगळ्यांचं छान चाललं होतं.

आणि मग नवीन निकष आले. मुलाला काय पाठ आहे यापेक्षा त्याला काय करता येतं ते तपासायचं, परीक्षाही तशीच घ्यायची. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे पडले. खेळाच्या सरांना तेवढा आनंद झाला. त्यांच्या विषयात पहिल्यापासून तसंच होतं.

शिक्षकांची तयारी करून घ्यायला शिक्षण खात्याच्या कार्यालयाने एक बाई पाठवल्या. त्या प्रयोगशाळेत आल्या, टेबलावर पर्स ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि विज्ञानाच्या सरांसमोर आल्यावर किंचित अडखळल्या. ही सरांची सख्खी सून.

"या मॅडम, बसा," सर म्हणाले.

सकाळी याच मॅडमना त्यांनी "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" म्हणून विचारलं असणार. पण शाळेत ते 'अहो-जाहो'वरून एक पायरी खाली उतरायला तयार नव्हते. त्याही "सर, सर" करत होत्या. बाकीचे शिक्षक खाली मान घालून हसत होते.

मधल्या सुट्टीत दोघंच खोलीत राहिले तेव्हा मात्र सरांचा आवाज बदलला.

"मी मुख्याध्यापिकांना सांगितलंय. या वर्षानंतर मला मोकळं करा."

"बाबा, अजून तीन वर्षं आहेत तुमची."

"ती तुमच्यासारख्यांनी काढावीत. मी इतकी वर्षं शिकवलं, ते सगळं चूकच होतं म्हणायचं का?"

"चूक कोण म्हणतंय?" ती म्हणाली. " पण मुलं तुमचं उत्तर घेऊन जातात, बाबा. तुमचं डोकं तुमच्यापाशीच राहतं."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. घंटा झाली आणि ते पुन्हा सर झाले, ती पुन्हा मॅडम.

नंतर तिने एका मुलीची उत्तरपत्रिका सगळ्यांना तपासायला दिली. प्रश्न असा होता: एक टाचणी तराजूत ठेवली तर काटा हलत नाही, मग तिचं वजन कसं काढाल? मुलीने लिहिलं होतं, 'शंभर टाचण्या एकदम तोलीन आणि येईल त्याला शंभराने भागीन.' पुढे भागाकारात मात्र तिने घोटाळा केला होता.

मराठीच्या बाईंनी चारपैकी चार दिले. अक्षर मोत्यासारखं होतं. खेळाच्या सरांनी दोन दिले. मधला आकडा दिला की कुणाशी भांडण होत नाही. आमच्या सरांनी शून्य दिलं.

"उत्तर चुकलं म्हणजे चुकलं," ते म्हणाले. "यात चर्चा कसली?"

"ठीक आहे," सूनबाई म्हणाल्या. "आता हाच प्रयोग तुम्ही करून बघा."

कपाटाचं दार उघडलं आणि सरांनी मला स्वतः बाहेर काढलं. त्यांच्या हातांना माझी ओळखच उरली नव्हती. दांडी कुठे धरायची इथपासून सुरुवात. पण हळूहळू त्यांना रंग चढला. बाह्या सरसावून त्यांनी शंभर टाचण्या मोजल्या, मध्येच कुणीतरी बोललं म्हणून चिडून पहिल्यापासून मोजल्या. डाव्या पारड्यात टाचण्या, उजव्यात वजनं. भागाकारही तोंडी केला. ऐटीत फळ्यावर उत्तर लिहिलं.

टाचण्यांच्या डबीवर छापलेलं एका टाचणीचं वजन त्याहून बरंच कमी होतं.

सरांनी डबीकडे संशयाने पाहिलं. तेवढ्यात मराठीच्या बाईंनी माझी पारडी रिकामी केली आणि वाकून बघितलं. "सर, हा रिकामाच डावीकडे झुकतोय. खाली मेण आहे बघा."

"मग ती तराजूची चूक आहे," सर म्हणाले. "माझी रीत बरोबर आहे. शंभर घेतल्या, भागल्या. यात काय चुकलं माझं?"

खेळाच्या सरांना खोकला आला.

"मग किती गुण द्यायचे, सर?" सुनेने अगदी हळू विचारलं.

सरांनी फळ्यावरचं आपलं उत्तर पाहिलं. मग टेबलावरची ती उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि बराच वेळ वाचली. माझ्या पारड्यातल्या टाचण्यांनाही त्यांनी इतका वेळ दिला नव्हता.

"चारपैकी तीन," ते म्हणाले.

"कुणाला?"

"दोघांनाही."

मोकळं करण्याची गोष्ट त्यानंतर मुख्याध्यापिकांनी काढली नाही, सरांनीही काढली नाही. माझं मेण त्यांनी स्वतः गरम पाण्याने काढलं. आता मी रोज बाहेर असतो. चिकट बोटं, खडूची भुकटी, कधी कुणाचं अर्धं खाल्लेलं बिस्कीट, सगळं तोलतो. एक पारडं चेपलं आहे. काटा करकरतो. मुलांची उत्तरं पूर्वीपेक्षा जास्त चुकतात आणि सर त्यांना "का चुकलं?" असं विचारून हैराण करतात.

निकष पुन्हा बदलणार अशी कुजबुज परवा कानावर आली. सूनबाई स्टुलावर मटकन बसल्या. "आत्ता कुठे हे बसत होतं, बाबा. आता पुन्हा सगळ्यांना कोण समजावणार?"

"चहा घे आधी," सर म्हणाले. "मी बसतो पहिल्या बाकावर. मला समजलं की सगळ्यांना समजेल."

निकष काय बदलायचे ते बदला, बाबांनो. मला त्यातलं काही कळत नाही. फक्त मला बाहेरच राहू द्या. कपाटात फार अंधार असतो, आणि तिथे कुणाचंच काही चुकत नाही.