कुसाबाईंची घागर

अठ्ठ्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मखमलाबादच्या रंगनाथनानांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, कुसाबाईंच्या नावानं पाणी भरून ठेवलं. त्या आदल्या साली गेल्या होत्या. घागर त्यांचीच, तांब्याची. जेवणं उरकून पाहतात तर घागर रिकामी.

"आई येऊन गेली," लेक योगेश म्हणाला. त्याला आधी बरं वाटलं. मग आठवलं, गेलेली माणसं आली, की रिकाम्या हातानं परत जात नाहीत.

कारण नाना महिनाभर वाळत चालले होते. अन्न नको, नुसतं पाणी. भर दुपारी कुसाबाईंच्या रिकाम्या बाजेकडे बघून म्हणायचे, "येतो गं, दम धर."

"हरसूलचा भगत आणतो," योगेश म्हणाला.

"आधी गाडी आणा," सून शुभांगी म्हणाली. जाताना तिनं घागर पुन्हा भरली, मग कुलूप लावलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं, किडन्या टेकीला आलेल्या.

"आजोबा, औषधं कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपण औषध घेत नाही," नाना अभिमानानं म्हणाले.

शुभांगीला गोठ्यातला कॅन आठवला. गाय व्याल्यावर बसली होती, तेव्हाचा. गाय उठली, विकलीही. कॅन मात्र खाली होत होता.

"नाना, गायीचं टॉनिक कोण पितंय?"

"गाय उठली ना त्यानं? मग माझ्या गुडघ्यांनी काय पाप केलंय?"

"अहो, पण किती?"

"वर लिहिलंय तेवढंच. जास्त थेंब नाही."

वर गायीचं माप लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्यातल्या ड जीवनसत्त्वानं कॅल्शियम रक्तात चढलं. तहान त्याचीच, भ्रमही त्याचाच. घागर यांनीच संपवली असणार." सलाइन लागलं, टॉनिक बंद, दूधही बंद. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभांगी कपडे न्यायला घरी आली. कुलूप जागेवर होतं. घागर कोरडी ठणठणीत. झिरपली म्हणावं तर तांब्याची.

तिनं मग घागर काठोकाठ भरली, डोईवर पदर घेतला आणि सासूच्या रिकाम्या बाजेला म्हणाली, "आत्याबाई, पाणी लागेल तेवढं प्या. नाना मिळायचे नाहीत."

संध्याकाळी दवाखान्यात नानांनी पहिल्यांदाच पाण्याचा पेला बाजूला सारला.

"कुसा रुसली," ते म्हणाले. "तिला काही बोलली का गं तू?"